ओली गादी, कोरडी चादर

१

बेकरीत कामाला असणाऱ्या थोरलीची आज आठवड्याची सुट्टी होती, म्हणून ती जरा जास्त झोपली असेल असं बेकरीवाल्या मावशींना वाटलं. पण दुपार झाली तरी जिन्यावर पाऊल वाजलं नाही. तेव्हा त्यांनी एक ताजा पाव फडक्यात गुंडाळला आणि गुडघे धरत त्या वरच्या खोलीकडे गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. थोरली गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन उताणी पडली होती. मावशींनी कपाळाला हात लावला. कपाळ कढत होतं. पोरगी तापाने फणफणली आहे असं समजून त्यांनी तिला खांद्याला धरून हलवलं, तर नुसता खांदा हलला नाही. मान, खांदा, कंबर, सगळं एकदमच हललं, एखादी फळी हलावी तसं. मावशींच्या हातातला पाव गळून पडला.

तपासाला आलेल्या इन्स्पेक्टर बाईंना चौकीतले लोक मोठ्या बाई म्हणत. हुद्द्याने मोठ्या की आणखी कशाने, हे कुणी स्पष्ट करत नसे आणि त्याही कधी विचारत नसत. तो जिना चढून वर येताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. मागून जमादार येत होते. तेही बाईंच्या मानासाठी दोनदा थांबले.

खोली बरोबर भट्टीच्या डोक्यावर होती. बाहेर दातावर दात वाजत होते, पण इथली फरशी पायाला कोमट लागत होती. खिडक्या घट्ट लावलेल्या. मेलेली बाई चांगली अंगापिंडाने भरलेली, चाळिशीच्या अलीकडची. अंगात स्वच्छ इस्त्रीचा झगा, पाठीवर बटणं असलेला. केसांची घट्ट वेणी घालून ती खांद्यावरून पुढे घेतलेली.

डॉक्टर हात पुसत म्हणाले, "आत्ताच गेलीय. अंग अजून कढत आहे. आपण इथं यायच्या आधी फार तर तासभर."

"आणि हा ताठरपणा?"

"ते माणसामाणसावर असतं," डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना त्यांनी पेटी बंद करायला घेतली.

मोठ्या बाईंनी वेणी हातात घेतली. वरून कोरडी होती, पण पेडांमध्ये बोट घातलं तर आत ओल लागली. मग त्यांनी चादरीचा कोपरा उचलला. चादर कोरडी होती, घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. खालची गादी मात्र चिंब होती, पिळली तर पाणी निघेल इतकी. आणि त्या ओलीला कसलीशी पिवळट झाक होती.

उशाशी एक डबा होता. 'वैद्यबुवांचं तृणसार. निव्वळ नैसर्गिक. वजन उतरवा, वय उतरवा.' झाकणाचं सील तोडलेलं. बाईंनी झाकण काढलं. आत गोळ्यांवर कापसाचा बोळा गच्च दाबून बसवलेला होता. त्यांनी डबा फिरवला. मागच्या बाजूला दोन फोटो शेजारी शेजारी छापले होते. एकाखाली लिहिलं होतं 'आधी' आणि दुसऱ्याखाली 'नंतर'. डावीकडे लठ्ठ बाई, उजवीकडे वेताच्या छडीसारखी मुलगी. दोन्हींचा चेहरा एकच होता, आणि तोच चेहरा समोर उशीवर होता.

मोठ्या बाईंनी फोटोकडे पाहिलं, मग पलंगाकडे पाहिलं. पांघरुणाखाली पडलेली बाई 'आधी' होती.

२

तृणसाराचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. थोरलीचा तोच जोडफोटो इथे माणूसभर उंचीचा करून काचेवर चिकटवला होता. काउंटरमागे तिची सख्खी बहीण उभी होती. गल्लीत दोघींना नावाने कुणी हाक मारत नसे. ती थोरली आणि ही धाकटी. आईवडील लवकर गेले आणि थोरलीने हिला वाढवलं, एवढं मावशींनी सांगितलं होतं.

बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. डोळे सुजलेले होते, पण ती कामावरून हलली नव्हती. हातात पातळ रबरी मोजे होते. गोळ्या भरण्याचं काम आतल्या खोलीत चाले, काउंटरवर फक्त सीलबंद डबे. तरी मोजे होते.

"सकाळपासून कुठे होतीस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"इथेच. दुकान मीच उघडते. दुपारपर्यंत हललेसुद्धा नाही. गिऱ्हाइकांना विचारा."

"ताई हे औषध घ्यायची?"

"रोज. सकाळी दोन, संध्याकाळी दोन." ती हे इतक्या सपाट आवाजात बोलली की पाठ केलेलं वाटावं. मग तिने मान खाली घातली.

तेवढ्यात आतून दुकानाचे मालक आले. सगळे त्यांना शेठ म्हणत. बारीक अंगाचा, मऊ बोलणारा माणूस. बाईंना बसायला स्वतः खुर्ची पुढे केली, आणि खुर्चीकडे व त्यांच्याकडे एकदा पाहून दुसरी, भक्कम खुर्ची आणायला लावली.

"घरचंच माणूस गेलं हो," ते म्हणाले. "तासन्‌तास पडून होती बिचारी, कुणाला पत्ता नाही. माणसं शेजारी राहतात, पण कोण कुणाला बघतं? पुढच्या आठवड्यात आमचा मेळावा होता. तिला स्टेजवर बसवणार होतो. तिच्यामुळे तर हे सगळं उभं राहिलं."

"फोटोत बारीक आहे. प्रत्यक्षात नव्हती."

"मधे औषध सोडलं होतं. सोडलं की परत वाढतं. मी कितीदा सांगितलं." शेठनी आवाज खाली आणला. "पण आता तुमच्यापासून काय लपवायचं? औषध बनवतो वैद्यबुवा. मी नुसता विकतो. डब्यावर नावसुद्धा त्याचंच. हल्ली म्हातारा मिश्रणात काय काय नवीन घालायला लागला होता. मला धड सांगतही नसे."

"दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"व्यापारी मंडळाचं जेवण होतं. अर्धं गाव माझ्या पंगतीला होतं."

निघताना शेठनी एक डबा बाईंच्या हातात ठेवला. "राग मानू नका, पण तुम्हालाही उपयोग होईल. पैसे नकोत."

असले सल्ले मोठ्या बाईंना नवे नव्हते. भाजीवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांनी दिले होते. त्यांनी डबा घेतला आणि बाहेर येऊन जमादारांच्या हातात दिला. "हा तपासायला पाठवा. तिच्या उशाजवळचाही. आणि पोटात काय होतं तेही विचारा."

जमादार काहीतरी बोलणार होते, पण बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडून काच फुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ माणसांचा गलका.

३

वैद्यबुवांची शेड गर्दीने घेरली होती. थोरली तृणसाराने मेली, ही बातमी संध्याकाळच्या आत प्रत्येक घरात पोचली होती, आणि प्रत्येक घरात एखादा तरी डबा होता. लोक डबे आणून दारावर फेकत होते. पायाखाली गोळ्यांचा चुरा झाला होता.

वैद्यबुवा दारातच उभे होते. वाळलेला, दाढी वाढलेला म्हातारा. एका हातात डबा धरून ते मुठीमुठीने गोळ्या तोंडात कोंबत होते आणि पाण्याशिवाय गिळत होते. "बघा," ते म्हणत होते, "मी खातोय. बघा ना." कुणी बघत नव्हतं. एक दगड आला आणि त्यांच्या भुवईवर बसला. ते तसेच, तोंडातला घास न गिळता, खाली बसले.

मोठ्या बाई गर्दीत घुसल्या. त्यांच्या आकाराचा असा एक फायदा होता की त्या जिथे उभ्या राहत तिथे वाट बंद होई. जमादारांनी दार लावून घेतलं.

आत लाकडी फळ्यांवर पाला वाळत घातला होता. मेथीचा आणि दालचिनीचा वास भरून राहिला होता. बाईंनी रुमाल ओला करून म्हाताऱ्याच्या भुवईवर धरला.

"काय घालता यात?"

"इसबगोल. मेथी. हिरव्या चहाची पानं, थोडी दालचिनी. इसबगोल पोटात फुगतो, भूक कमी लागते. एवढंच. माणूस मरेल असं त्यात काही नाही हो."

"नवीन काही घालायला लागलात?"

"दहा वर्षांत चिमूटभर बदल नाही." म्हातारा थांबला. "खरं सांगू का, मलाही फार भरवसा नव्हता. थोडं उतरतं वजन, फार नाही. पण शेठनी त्या पोरीचा फोटो आणून दाखवला, आणि मला वाटलं, चला, जन्मात एक औषध तरी जमलं. तो फोटो मी घरात लावलाय."

"दुपारी कुठे होतात?"

"इथेच. एकटाच. पाला उलटायला कोण येतं सोबतीला?"

म्हणजे पंगतीला बसलेल्या शेठला साक्षीदार, काउंटरवरच्या धाकटीला साक्षीदार, आणि ज्याच्या नावाचा डबा उशाशी सापडला त्या म्हाताऱ्याला मात्र कुणीच नाही. गाव त्याला फाडून खायला तयार होतं. त्याच संध्याकाळी वरिष्ठ साहेबांचाही फोन आला: म्हाताऱ्याला आत घ्या आणि मोकळ्या व्हा.

मोठ्या बाईंनी त्याला चौकीत आणून बसवलं, पण कोठडीत नव्हे. बाहेर लोक त्याचं घर पेटवायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी तपासणीचं कळलं. दोन्ही डब्यांत इसबगोल, मेथी, चहा, दालचिनी. पोराटोरांनी खाल्लं तरी पोट फुगण्यापलीकडे काही होणार नाही. पण थोरलीच्या रक्तात जे सापडलं ते या डब्यांत कुठेच नव्हतं.

४

"कारखान्यात वापरतात ती पावडर," तपासणीच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "रंगाच्या कामात, लाकूड टिकवायला. पिवळी असते. फार पूर्वी कुणाच्या तरी ध्यानात आलं की ती पोटात गेली की माणूस बारीक होतो. विकली, माणसं मेली, मग बंदी आली. तरी अधूनमधून कुणीतरी चोरून आणतंच. शरीराची भट्टी पेटते आणि ती विझवायचा उपाय नाही. माणूस आतून भाजून मरतो. घामसुद्धा पिवळा येतो."

मोठ्या बाईंना ती पिवळट ओल आठवली. म्हणजे थोरलीने ते घेतलं होतं. कुणी कपटाने पाजलं की तिने स्वतःहून घेतलं? आणि त्या वेळी तृणसाराचा डबा तिच्या उशाशी काय करत होता? रोज दोन वेळा गोळ्या घेणारी बाई रोज दोन वेळा कापूस असा ठासून भरत बसेल का?

त्या पुन्हा बेकरीत गेल्या. मावशी पिठाच्या घमेल्याशी बसून होत्या, हात मात्र चालत नव्हते. बाईंनी डब्यावरचा फोटो त्यांच्यापुढे धरला.

"हा डाग कसला?" 'आधी'च्या फोटोत लठ्ठ थोरलीच्या उजव्या हातावर, कोपराखाली, लांबट भाजल्याचा व्रण होता. तोच व्रण त्यांनी मृतदेहावरही पाहिला होता.

"माझ्याकडे लागली त्याच वर्षीचा. भट्टीचं दार लागलं हाताला. जन्मभर जायचा नाही असं डॉक्टर म्हणाले होते."

बाईंनी बोट उजवीकडे सरकवलं. 'नंतर'ची बारीक मुलगी त्याच बाजूने उभी होती, तिचाही उजवा हात पुढे होता. हात स्वच्छ होता. मावशींनी डबा डोळ्यांजवळ नेला.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "हा तर आधीचा आहे. वेणीसुद्धा आहे बघा. माझ्याकडे आल्यापासून तिला वेणी मी कधी पाहिली नाही. पिठात केस नकोत म्हणून कायम घट्ट अंबाडा, वर टोपी. सुट्टीच्या दिवशीही अंबाडाच."

फोटोवाल्याला बोलतं करायला फार वेळ लागला नाही. चौकातल्या स्टुडिओत तो एकटाच काम करी. मरणाच्या आदल्या दिवशी थोरली त्याच्याकडे येऊन भांडून गेली, असं शेजारचा चहावाला सांगत होता.

"कल्पना शेठची," तो म्हणाला. "तिचा विशीतला जुना फोटो धाकटीकडे होता. शेठनी तो मागून घेतला, मी लठ्ठपणीचा नवा काढला आणि दोन्हींचा क्रम उलटा करून छापले. धाकटीला नोकरी लागायची होती, म्हणून थोरली तयार झाली. तिघा-चौघांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. वैद्याला तर नाहीच."

"मग भांडण कसलं?"

"मेळाव्याचं. हजार माणसांसमोर तिला उभी करणार, आणि ती तर अशी. शेठनी तिला बजावलं होतं, फोटोसारखी होऊन ये, नाहीतर तुझी बहीण घरी बसेल. ती मला म्हणाली, आता मी खरंच बारीक होणार, औषध मिळालंय, खरं औषध, पट्टा आधीच दोन भोकं आत सरकलाय. मी बघितलं तर थंडीत बाई घामाने निथळत होती. डोळे कसेतरीच. म्हटलं, हे काय घेतेयस, फेकून दे. तर माझ्यावरच चिडली. तू लबाडी केलीस म्हणून मला हे करावं लागतंय, म्हणाली." त्याने तोंड फिरवलं. "खोटं नव्हतं बोलली."

"औषध कुणी दिलं?"

"घरच्याच माणसाने दिलंय, विष देणार नाही, एवढंच म्हणाली."

५

चौकीत परत आल्यावर मोठ्या बाईंनी तपासणीच्या डॉक्टरीणबाईंना पुन्हा फोन लावला. एकच गोष्ट विचारायची होती. "अशा मेलेल्या माणसाचं अंग किती वेळ गरम राहतं?"

"मरतानाच ते इतकं तापलेलं असतं की नेहमीचा हिशेब चालत नाही. पांघरूण असलं, खोली उबदार असली, तर अर्धा दिवससुद्धा कढत लागेल. उलट ताठरपणा मात्र लगेच येतो. का हो?"

बाईंनी फोन ठेवला. खोली भट्टीच्या डोक्यावर होती. वर जाड पांघरूण होतं. म्हणजे दुपार ही दुपार नव्हतीच. थोरली सकाळीच गेली होती, दुकानं उघडायच्या आत. दुपारचे सगळे साक्षीदार, ती पंगत, ती गिऱ्हाइकं, काही कामाची नव्हती. आणि म्हाताऱ्याला साक्षीदार नाही याचंही काही राहिलं नव्हतं.

"जमादार, असं बघा," त्या म्हणाल्या. "गादी ओली, चादर कोरडी. म्हणजे तिच्या अंगावर कुणीतरी पाण्यावर पाणी ओतलं, ओल्या चादरी गुंडाळल्या, जीव वाचवायला धडपड केली. मग ती गेली. मग त्याच माणसाने ओली चादर काढून नेली, कारण ती पिवळी झाली होती. कोरडी घातली. तिला स्वच्छ झगा घातला, पाठीवरची बटणं लावली. मेलेल्या माणसाला पाठीवरून बटणं लावणं सोपं नाही. आणि शेवटी ओल्या केसांची वेणी घातली."

"मारणारा माणूस वेणी घालेल?" जमादार म्हणाले.

"नाही घालणार. आणि बेकरीतल्या कुणी घातली असती तर अंबाडा घातला असता. वेणी त्यानेच घातली ज्याच्या डोळ्यांपुढे ती विशीतली होती." त्या उठल्या. "घरचंच माणूस. चला."

धाकटीचं घर म्हणजे दोन खोल्या. तिने दार उघडलं तेव्हा हातात मोजे नव्हते. बोटांची टोकं आणि नखांच्या कडा पिवळ्या होत्या, घासून घासून कातडी सोलली तरी पिवळ्याच. आतल्या दोरीवर एक चादर वाळत होती. उकळून उकळून विरली होती, तरी मधोमध माणसाच्या आकाराचा फिका पिवळा डाग राहिला होता.

मोठ्या बाई नुसत्या खाली बसल्या आणि शेजारी जागा केली. धाकटी बसली.

"पुडी मीच दिली," ती म्हणाली. "शेठ म्हणाले, ही परदेशी पाठवायची जोरदार पावडर आहे, नैसर्गिकच आहे, तुझ्या ताईला दे. मी दिली. ताई म्हणाली, तू देतेस म्हणजे चांगलीच असणार."

"मग?"

"उजाडायच्या आत तिने मला बोलावलं. अंग असं की हात ठेववेना. श्वास कुत्र्यासारखा. मी शेठना फोन केला. ते म्हणाले, दवाखान्यात नेऊ नकोस, रक्त तपासतील, पुडी तुझ्या हातची आहे, तू फासावर जाशील. ओल्या चादरी गुंडाळ, उतरेल आपोआप, मी वैद्यबुवांना पाठवतो. मी चादरी गुंडाळत राहिले. त्या गुंडाळल्या की लगेच गरम व्हायच्या. वैद्यबुवा आलेच नाहीत. ताई सारखी विचारायची, कुणी येतंय का गं. मी म्हणत होते, येतायत, येतायत."

तिचे हात मांडीवर पडून होते, उलटे.

"मग ती विचारायची थांबली. मी परत फोन केला. ते म्हणाले, तिच्याजवळ एक डबा ठेव, आणि नेहमीसारखं दुकान उघड."

"वैद्याला त्यांनी कळवलंच नव्हतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्याला तर अजूनही वाटतं तो फोटो खरा आहे."

६

शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पोरीने बहिणीला विष दिलं आणि आता माझं नाव घेतेय," ते म्हणाले. "फोन केला असेल. रडत होती, मी धीर दिला. पुडी-बिडी मला ठाऊक नाही. थोरली मेली हेही मला तुमच्यासारखंच दुपारनंतर कळलं."

"पहिल्याच भेटीत तुम्ही मला म्हणालात, तासन्‌तास पडून होती बिचारी," मोठ्या बाई म्हणाल्या. "तेव्हा डॉक्टर सांगत होते की ती नुकतीच गेली. मावशींना तेच वाटत होतं, मला तेच, सगळ्या गावाला तेच. ती सकाळपासून तिथे मरून पडलीय हे फक्त दोघांना माहीत होतं. एक जी तिच्याजवळ होती, आणि दुसरा तो, ज्याला तिने फोन करून सांगितलं."

पहिल्यांदाच शेठच्या चेहऱ्यावरचा मऊपणा गेला, आणि खाली काहीच नव्हतं. गोदामात मागच्या भिंतीला रंगाचे म्हणून ठेवलेले पिंप सापडले. पिंपाशेजारी पुड्या बांधायचा कागद होता, आणि नवीन लेबलांचा गठ्ठा. त्यावर वैद्यबुवांचं नाव नव्हतं. म्हाताऱ्याला गुन्हेगार ठरवून बाजूला सारायचं आणि दुसऱ्या नावाने दुकान मांडायचं, एवढंच उरलं होतं.

पण बाईंचं लक्ष त्या कागदावर होतं. एका पुडीसाठी एवढा कागद कुणी आणत नाही.

"आणखी कुणाकुणाला दिली?" त्यांनी चौकीत धाकटीला विचारलं.

हा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता. "खास गिऱ्हाइकांना," ती म्हणाली. "ज्यांना डब्याने फरक पडला नाही त्यांना. मीच पोचवल्या. नावं नाही सांगता येणार, पण घरं दाखवते."

ती दिवसभर जीपमध्ये मोठ्या बाईंच्या शेजारी बसून होती. पुढे तिच्यावर खटला व्हायचा होता, ते तिला माहीत होतं. पहिल्या घरी पुडी फोडलेलीच नव्हती. दुसऱ्या घरी एक गृहस्थ घेत होते, बायकोला न सांगता. त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. तिसऱ्या घराला कुलूप होतं. कालच अंगाची लाही होते म्हणून बाईला उचलून नेलं, असं शेजारीण म्हणाली. ती बाई शाळेत शिकवायची. ती वाचली नाही.

त्यानंतरच्या दाराशी एक तरुण बाई आली, कडेवर मूल घेऊन. कपाळावर घामाचे थेंब होते आणि चेहरा आनंदी होता. धाकटीला पाहून ती म्हणाली, "बरं झालं आलीस. संपतच आलीय. हे बघ, कमरेला केवढा सैल झालाय." तिने झग्याची कंबर चिमटीत धरून दाखवली.

"ती पुडी द्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "विष आहे ते. माणसं मेली त्याने."

बाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मोठ्या बाईंना ती नजर ओळखीची होती. तुला काय कळणार, असं ती नजर म्हणत होती. तरी ती आत गेली आणि पुडी घेऊन आली. धाकटीने हात पुढे केला. पुडी दोघींच्या हातात आली, पण बाईची बोटं सुटेनात.

"थोडीच उरलीय," ती म्हणाली. "एवढी संपवते, मग थांबते. मला तर काहीच त्रास नाही. नुसतं गरम होतं."

जमादार पुढे सरकले. मोठ्या बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

धाकटीने पुडी ओढली नाही. ती हलक्या आवाजात बोलू लागली. आधी नुसतं गरमच होतं, ती म्हणाली. मग तहान भागत नाही. मग पाणी पोटात टिकत नाही. मग चादर ओली करून गुंडाळली तर ती अंगावरच सुकते. ताई शेवटी मला ओळखत नव्हती, मला आई म्हणत होती, आणि आई, दार उघड, इथे फार उकडतंय, असं म्हणत होती. दार उघडंच होतं. तिने काहीही गाळलं नाही. जी गोष्ट तिने चौकीतही सांगितली नव्हती ती सगळी तिने त्या उंबऱ्यावर उभं राहून सांगितली, आणि कडेवरचं मूल तिच्या तोंडाकडे बघत राहिलं.

बोटं सुटली. धाकटीने पुडी मोठ्या बाईंच्या हातात दिली, त्या बाईच्या कडेवरून मूल स्वतःकडे घेतलं आणि म्हणाली, "चला, दवाखान्यात. मी येते बरोबर."